बाघिनीच्या काठी

माळव्यातल्या कोणत्याही जुन्या मराठी घरातले कपाट उघडावे, एखादी माहेश्वरी त्यात हमखास सापडते. घर जरा सुस्थितीतले असेल तर चंदेरीही. माहेश्वरीमागे अहिल्याबाईंची पुण्याई उभी आहे आणि चंदेरीमागे ग्वाल्हेरच्या सरदारवाड्यांची हौस. त्यामुळे ही दोन्ही वस्त्रे आपण आपलीच मानत आलो. मात्र ज्या कापडाविषयी आज लिहायचे आहे ते आपल्या घरात कधी नव्हते. ते भिल्ल-भिलाल्यांच्या बायकांचे कापड. लाल, काळे आणि मळकट पांढरे, अशा तीनच रंगांचे. आपल्या आज्या-पणज्यांनी ते आठवड्याच्या हाटात दुरून पाहिले असेल, पण हातात घेऊन पाहिले असेल असे वाटत नाही. आज तेच कापड ‘बाघ प्रिंट’ या नावाने इंदूरच्या दुकानांत काचेआड मांडलेले असते आणि आपल्या सुना-मुली ते कौतुकाने अंगावर मिरवतात. हे कापड येते कुठून आणि होते कसे, हे एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून गेल्या पौषात, शाळेला नाताळची सुटी लागली तेव्हा, बाघला जाऊन आलो.

इंदूरहून बाघ सुमारे दीडशे किलोमीटर. प्रथम धार लागते. पवारांची ही राजधानी आपल्या वाचकांना सांगायला नको. परंतु रस्त्यावरून तो तांबूस किल्ला दिसला की मनात येतेच, की दुसरा बाजीराव १७७५ साली याच तटाच्या आत जन्मला. पेशवाईचा शेवट ज्याच्या हातून झाला त्याचे पहिले रडणे माळव्याने ऐकले. धारच्या पुढे अमझेऱ्याकडे जाणारी वाट. इथले राणा बख्तावरसिंह यांना १८५७ च्या उठावात सामील झाल्याबद्दल १८५८ साली इंदुरात फाशी देण्यात आले आणि त्यांचे संस्थान शिंद्यांच्या पदरात पडले. पुढे संस्थानी काळात बाघ हे गाव ग्वाल्हेर राज्याच्या याच अमझेरा जिल्ह्यात मोडत असे. नकाशात पाहिले तर ग्वाल्हेर कुठे आणि बाघ कुठे! पण माळव्यातल्या संस्थानांचे नकाशे गोधडीसारखेच होते, कुणाचा तुकडा कुणाच्या शेजारी शिवलेला असे, याला इलाज नाही.

पठार संपून रस्ता विंध्याच्या दक्षिण उतारावर येऊ लागला की मुलूख बदलतो. माळव्याची काळीभोर सपाट माती मागे पडते; टेकड्या, पळसाची झाडे, मधूनच ताडांच्या रांगा, आणि उतारावर एकेकटी विखुरलेली भिल्लांची घरे. प्रत्येक घर आपल्या शेताच्या मध्यावर. गाव म्हणजे घरांची दाटी ही आपली कल्पना इथे चालत नाही. कुक्षीला माझा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे, तो वाटेत येऊन मिळाला. भिली बोली त्याला चांगली येते, आणि त्याच्यावाचून या प्रवासात मी अर्धा मुकाच राहिलो असतो.

बाघला येणारा प्रवासी प्रथम लेण्यांकडे जातो, तसे आम्हीही गेलो. गावापासून ती सात-आठ किलोमीटरवर, बाघिनी नदीच्या काठच्या कड्यात कोरलेली आहेत. मूळची नऊ, पैकी पाच आज बऱ्या अवस्थेत. काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक. इथला वालुकाश्म मऊ, त्यात मातीचे थर. पाणी मुरले की छत खचते. अजिंठ्याचा कातळ बाघला लाभला नाही आणि त्याची किंमत चित्रांनी मोजली. चौथ्या लेण्याला रंगमहाल म्हणतात. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर एके काळी हत्तींची मिरवणूक होती, घोडेस्वार होते, आणि हातात टिपऱ्या घेऊन फेर धरणाऱ्या स्त्रियांच्या मध्यभागी लांब बाह्यांचा ठिपक्यांचा अंगरखा घातलेला एक नर्तक होता. ‘होता’ असे म्हणतो, कारण १९८२ साली उरलीसुरली चित्रे भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात नेण्यात आली. ती नेली म्हणून वाचली यात शंका नाही. तरी रिकाम्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर देव्हाऱ्यातले देव उचलून नेल्यासारखे वाटते.

या लेण्यांच्या आधुनिक इतिहासात एक मराठी नाव आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. ग्वाल्हेर राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी या जंगलात ठाण मांडून माती उपसवली, खांबांना आधार देववले. १९२१ साली दरबारने शांतिनिकेतनातून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांना चित्रांच्या नकला करण्यास पाचारण केले. त्यांच्या बरोबरीने भोसले, आपटे, भांड, जगताप या नावांच्या चित्रकारांनीही नकला केल्या. १९२७ साली लंडनला बाघवर जो ग्रंथ निघाला त्यात मार्शल आणि फोगेल या साहेबांच्या शेजारी गर्द्यांचे लेखन आहे. आज भिंती पुसल्या गेल्या असताना त्या नकलांवरूनच मूळ चित्रांची ओळख पटते. नकल करणाऱ्याचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही.

लेण्यांवर भेटलेल्या एका माहितगाराने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की बाघचे छापकाम दीड हजार वर्षांचे असून लेण्यांतल्या भिक्षूंपासून चालत आले आहे. ऐकायला गोड, पण खरे नाही. लेणी आणि छापे या दोन गोष्टींचे गाव एक आणि नदी एक, एवढेच नाते. छापकाम करणारे खत्री मुसलमान आहेत. त्यांचे पूर्वज सिंधमधल्या लाडकाणा भागातून मारवाडात पालीकडे आले, तेथून निमाडात मनावरला, आणि मनावरहून बाघला ते १९६२ च्या सुमारास स्थिरावले. म्हणजे बाघचे हे छापकाम, बाघचे म्हणून, माझ्या वयाच्याच आगेमागे जन्मले. कला जुनी आहे, फार जुनी. पण ती चालत आली ती माणसांच्या पायांनी, वाटेतल्या पाण्याची चव घेत घेत. नव्या काळात कारागिरांनी लेण्यांतील वेलबुट्टी पाहून ठसे कोरवून घेतले आहेत, हेही खरे. पण ते आपण होऊन जोडलेले नाते आहे, वारसा नव्हे. आणि मला तर ते वारशाहून कमी वाटत नाही.

आता कारखान्याकडे वळू. ‘कारखाना’ हा शब्द फसवा आहे. एक लांब पडवी, चार-सहा मेजे, भिंतीला टेकवलेली फडताळे आणि त्यांत शेकडो ठसे. सागाचे किंवा शिसवीचे, तेल आणि रंग पिऊन काळेशार झालेले. काही ठसे दोन-तीनशे वर्षांचे असल्याचे सांगतात. नवे ठसे पुष्कळदा गुजरातेतील पेथापूरहून कोरून येतात, जिथे हाच व्यवसाय करणारी घराणी आहेत. एक ठसा हातात घेऊन पाहिला. बाजूला बोटे रुततील अशी खाच होती, आणि ती कोरलेली नव्हती, झिजलेली होती.

छापण्याच्या अगोदर कापडाला जे सोसावे लागते ते ऐकून मी थक्क झालो. कोरे कापड नदीच्या वाहत्या पाण्यात भिजवून दगडावर आपटतात, त्यातली खळ जावी म्हणून. मग खार, एरंडेल आणि बकऱ्यांच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते तुडवून, दाबून ठेवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात. असे तीनदा. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हिरड्याने कापडाला पिवळसर छटा येते आणि, जे अधिक महत्त्वाचे, त्याच्या अंगी रंग धरण्याची शक्ती येते. आपल्या घरी हिरडा म्हणजे पोटाचे औषध. इथे तो कापडाचे पोट तयार करतो.

छापायचे रंग दोन. काळ्यासाठी लोखंडाचा गंज किंवा हिराकस, तांबड्यासाठी तुरटी. दोन्हींना घट्टपणा आणायला चिंचोक्याची खळ. ठसा रंगाच्या गादीवर टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि मुठीने एक ठोका द्यायचा. असा एकेका साडीला शेकडो वेळा. ठोक्याला एक ताल असतो, आणि छापणारा बोलता बोलता ताल चुकत नाही हे मी लक्ष देऊन पाहिले. ठशाशेजारी ठसा बसवताना फूटपट्टी नाही, खूण नाही. डोळा आणि मूठ एवढ्यावर काम. गंमत अशी, की ज्याला तांबडे म्हणतात ते छापताना तांबडे नसतेच. तुरटीची खळ ती, फिकट आणि मळकट दिसते. कापडावर लाल फुले उमटायची आहेत हे फक्त छापणाऱ्याला ठाऊक असते.

छापलेले कापड आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, नुसते पडून राहते. तुरटी आणि लोह धाग्यात मुरावे लागते. मग ते नदीवर नेतात, आणि बाघ बाघ का आहे ते इथे कळते. कमरेइतक्या वाहत्या पाण्यात उभे राहून माणसे कापड सतत हलवत, उलटेसुलटे करत धुतात. जास्तीची तुरटी आणि लोह सुटून वाहून गेले पाहिजे, ताबडतोब गेले पाहिजे. पाणी साचलेले असेल तर सुटलेले कण परत कापडाच्या पांढऱ्या भागावर बसतात आणि पुढे भट्टीत तेथे डाग उमटतात. म्हणून विहीर चालत नाही, तळे चालत नाही. नदीच हवी, आणि ती चालती हवी. या पाण्यातल्या क्षारांनी लाल रंग खुलतो असेही इथले लोक मानतात. मेजामागचा एक मध्यमवयीन खत्री मला म्हणाला, “माटसाब, लोग ठप्पा देखते हैं. ये तो पानी का काम है.”

भट्टी म्हणजे मोठे तांब्याचे भांडे. तांब्याचेच, कारण लोखंडाच्या भांड्यात लाल रंग काळवंडतो. खाली लाकडाचा जाळ, आत उकळते पाणी, त्यात आलिझरीन आणि धायटीची फुले. धायटीने रंग सारखा चढतो, ठिगळे पडत नाहीत. धुतलेले कापड आत सोडून काठीने सारखे ढवळायचे, आणि पाणी तापत जाते तसतशी तुरटीच्या जागी लाली आणि लोहाच्या जागी काळिमा वर येऊ लागते. भांड्यात रंग एकच. कापडावर दोन उमटतात. सहाव्या-सातव्या इयत्तेला विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या गुरुजींना ही भट्टी एकदा दाखवायला हवी. उरली ती तपाई. शिजलेले कापड नदीकाठच्या गोट्यांवर पसरायचे, पाणी शिंपडायचे, वाळू द्यायचे, पुन्हा शिंपडायचे. उन्हाने पांढरा भाग उजळतो. हिवाळ्याच्या उन्हात ती लाल-काळी कापडे गोट्यांवर ओळीने निजलेली पाहिली तेव्हा, वाचकहो, मी बराच वेळ काहीच बोललो नाही. माझ्या विद्यार्थ्याला वाटले, गुरुजी दमले.

आलिझरीनबद्दल थोडे विषयांतर करतो. पूर्वी हा लाल रंग आलीच्या मुळांपासून निघत असे. हे झाड आपल्याकडे बारतोंडी म्हणून ओळखले जाते. बुंदेलखंडापासून वऱ्हाडापर्यंत आलीची लागवड होई. तीन-एक वर्षांनी मुळे खणून काढीत. मराठी घरांशी या रंगाचे नाते आहे आणि ते सुखाचे नाही. आपल्या पणज्यांच्या पिढीत केशवपन झालेल्या विधवेला जे लाल वस्त्र नेसावे लागे त्याला ‘आलवण’ म्हणत. त्या शब्दाच्या पोटात हीच आल आहे. १८६८-६९ साली ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी डांबरातून आलिझरीन तयार केले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत आलीची शेते ओस पडली. बाघचे आजचे लाल हे बहुतांशी त्याच कारखान्यातल्या आलिझरीनचे. दुकानदार ‘संपूर्ण नैसर्गिक रंग’ असे जे सांगतात त्यात म्हणूनच थोडी अतिशयोक्ती आहे. पण मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. मंजिष्ठेच्या मुळात जे द्रव्य असते तेच हे, फक्त वाट वेगळी. आणि एकाच लालीने एके ठिकाणी एका बाईचे आयुष्य झाकून टाकावे आणि दुसरीकडे, विंध्याच्या पायथ्याशी, नवरीचा घागरा रंगवावा, यातला विरोधाभास रंगाचा नव्हे, माणसांचा आहे.

नवरीच्या घागऱ्यावरून मूळ विषयाकडे येतो. हे कापड मुळात आदिवासींसाठी छापले जात होते. कोणत्या जमातीने कोणती नक्षी नेसायची याचे संकेत होते; कुणाच्या घागऱ्यावर जुवारिया, म्हणजे ज्वारीच्या दाण्यांसारखी बारीक नक्षी, कुणाच्या अंगावर कैरी, कुणाच्या लहरी. खत्र्यांना गिऱ्हाइकाची जात विचारावी लागत नसे. मग १९६० नंतरच्या काळात गिरणीचे कृत्रिम धाग्याचे कापड हाटात आले. स्वस्त, चकचकीत, धुवायला सोपे, न फाटणारे. आदिवासी स्त्रियांनी ते घेतले. त्यांना दोष देणारे आपण कोण? आपल्या बायकांनीही त्याच सुमारास नऊवारी सुती लुगडी ट्रंकेत घालून नायलॉनच्या साड्या घेतल्याच की. खत्र्यांचे गिऱ्हाईक गेले आणि पुष्कळांनी धंदा सोडला.

इस्माईल सुलेमानजी खत्री यांचे मोठेपण त्या काळातले आहे. त्यांनी ठसे विकले नाहीत. उलट जुने ठसे जपले, आणि घागऱ्याची नक्षी घेऊन ती चादरींवर, साड्यांवर, ओढणीवर मांडली. हे वाटते तितके सोपे नाही. घागऱ्याला घेर असतो, चुण्या असतात. त्यावरची नक्षी घड्यांत दडण्यासाठी असते. चादर सपाट असते, तिला मध्य लागतो, काठ लागतो, कोपरा लागतो. कोपऱ्यात दोन काठ कसे भेटवायचे हा प्रश्न घागऱ्यावर कधी आलाच नव्हता. रिकाम्या जागेचा विचार करणे हे चित्रकाराचे काम, आणि ते या रंगाऱ्याने केले. १९८४ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरातील पुढच्या पिढीतले मोहम्मद यूसुफ खत्री व इतरांनी रेशमावर, टसरवर, बांबूच्या चिकांवरही तेच ठसे चालवले. देशाबाहेर प्रात्यक्षिके झाली. बाघच्या छाप्याला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. २०११ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात मध्य प्रदेशाच्या चित्ररथावर बाघचे कापड झळकले.

इस्माईलभाईंना कलावंत म्हणावे की कारागीर? आपल्याकडे हा वाद घालण्याची सवय आहे. कागदावर एक फूल काढून खाली सही करणारा तो कलावंत, आणि हजार फुले छापून सही न करणारा तो कारागीर. सरकारी पुरस्काराच्या यादीत एकाचे नाव येते, येऊ द्यावे; ज्याने सत्त्व राखले त्याचे ते आहेच. पण त्या एका चादरीवर ठसा कोरणाऱ्याचा हात आहे, छापणाऱ्याचा आहे, आणि थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून डाग न पडू देणाऱ्याचाही आहे. मला नदीवर भेटलेले धुणारे बहुतेक भिल्ल आणि भिलाले तरुण होते. त्यांतला एक आता छापायलाही शिकला आहे. मी त्याला विचारले, तुझ्या घरी हे कापड कुणी वापरते का? तो हसला आणि म्हणाला, “इतना महँगा कौन पहनेगा, सर?”

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गावचा हाट होता. भगोरियाला अजून अवकाश होता, तरी गर्दी बरीच. मिरच्यांचे ढीग, मातीची मडकी, चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदीच्या नसलेल्या वाळ्या-तोडे. लसूण विकायला बसलेल्या एका वृद्ध बाईसमोर आम्ही थांबलो. तिच्या अंगावर निळ्या-गुलाबी फुलांचे गिरणीचे लुगडे. माझ्या हातात आदल्या दिवशी पत्नीसाठी घेतलेली साडी कागदात गुंडाळलेली होती आणि तिचा काठ बाहेर डोकावत होता. म्हातारीने हात पुढे करून तो काठ दोन बोटांत धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली, नाकाशी नेला आणि विद्यार्थ्याला काहीतरी म्हणाली. त्याने मला सांगितले, “ती म्हणते, असा घागरा माझ्या आईचा होता. वास तोच आहे.” मग तिने किंमत विचारली. त्याने सांगितली. तिला प्रथम वाटले आपल्या ऐकण्यात चूक झाली; त्याने पुन्हा सांगितली, तेव्हा ती इतकी खळखळून हसली, की शेजारच्या दोघी-तिघी काय झाले म्हणून वळल्या. त्यांनाही तिने किंमत सांगितली आणि त्याही हसल्या. त्या हसण्यात मत्सर नव्हता, राग नव्हता. आईच्या जुन्या घागऱ्याला कुणी शहरी माणूस इतके पैसे देतो याचे निखळ नवल होते. मी मात्र तिच्याबरोबर हसू शकलो नाही. लसूण दोन किलो घेतला. तो घरी नेऊन काय करायचे हे पत्नीने नंतर विचारले.

ज्यांच्यासाठी हे कापड जन्मले त्यांना ते परवडत नाही, हा एक पेच. दुसरा पेच त्याहून कठीण आहे, कारण तो पैशाने सुटणारा नाही. बाघिनी ही काही नर्मदा नव्हे. विंध्यातून उतरणारी लहान नदी, पावसाळ्यात दांडगी, हिवाळ्यात शांत, आणि फाल्गुन उलटला की तिची धार बारीक होत जाते. मी गेलो तेव्हा धुण्यापुरते पाणी होते. पण काठावरच्या खडकांवर पूर्वीच्या पाण्याच्या रेघा बऱ्याच वर दिसत होत्या. वरच्या अंगाला शेतीसाठी पंप लागले आहेत, आणि शेतकऱ्याला तरी पाणी नको कसे म्हणायचे? धार तुटली की टाक्यांमध्ये पाणी खेळवून काम भागवावे लागते, आणि टाकीतले पाणी कितीही फिरवले तरी ते त्याच कणांना घेऊन फिरत राहते. शिवाय धुण्याचे पाणी शेवटी जाते कुठे, भट्टीसाठी लाकूड येते कुठून, हे प्रश्न आहेतच. मागणी वाढली म्हणजे कला वाचली असे आपण समजतो. इथे मागणी जितकी वाढेल तितकी नदी जास्त लागेल, आणि नदी वाढवता येत नाही. भट्टीजवळ बसलेल्या एका वृद्ध खत्र्याला मी विचारले, पाणी आटले तर काय कराल? त्याने भट्टीतली लाकडे पुढे सारली आणि म्हणाला, “सिंध से निकले तो पानी देखके रुके थे. आगे भी पानी देखना पड़ेगा.” मनावरहून बाघ तसे जवळच आहे. पण इथून पुढे कुठली नदी?

तिसरा पेच आपल्या दारातला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. इंदूर-उज्जैनच्या बाजारांत बाघच्या नावाने जे विकले जाते त्यातले पुष्कळसे बाघ पाहिलेले नसते. जाळीच्या चौकटीतून यंत्राने छापलेले असते, एका दिवसात थानेच्या थाने. खऱ्या कापडाची पारख अवघड नाही. पांढरा भाग खडूसारखा पांढरा असेल तर संशय घ्यावा. हिरड्याचे कापड साईच्या रंगाचे असते. ठशाला ठसा जिथे भिडतो तो सांधा शोधावा. हाताच्या कामात तो कुठेतरी केसभर सरकलेला असतो, कुठे रंग गडद तर कुठे किंचित उतरलेला. संपूर्ण साडीभर एकही चूक नसेल तर ती माणसाने छापलेली नाही. कापड उलटे करून पाहावे. मुरलेला रंग मागेही थोडाफार दिसतो, वरवर बसलेला दिसत नाही. आणि नाकाशी न्यावे, त्या हाटातल्या बाईने नेले तसे. किंमतीवरून घासाघीस करण्याची आपली परंपरा थोर आहे. पण एका साडीमागे दोन-तीन आठवडे, पाच-सहा हात आणि एक नदी खर्ची पडते हे ध्यानात ठेवून मग काय ते कमी करायला सांगावे.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. इंदूरहून स्वतःचे वाहन असेल तर पहाटे निघून रात्री परत येता येते, पण एक मुक्काम करणे बरे. मुक्कामाची सोय बाघपेक्षा कुक्षीला चांगली. लेणी सकाळी पाहावीत. आत अंधार आहे, विजेरी जवळ असू द्यावी, आणि ग्वाल्हेरला कधी जाणे झालेच तर गुजरी महालातील ती चित्रे व नकला पाहिल्याखेरीज हा प्रवास पुरा झाला असे समजू नये. छापणे बहुधा रोज चालते, भट्टी मात्र रोज लागत नाही. कारखान्यात आधी विचारून जावे. नदीवरची तपाई उन्हाची, म्हणून ती दुपारच्या आत गाठावी. मार्गशीर्ष ते माघ हे दिवस उत्तम. चैत्र-वैशाखात मुलांना सुटी असते खरी, परंतु त्या वेळी नदीत गोटे दिसतील, पाणी दिसेलच असे नाही.